केबिनीत बसणारे साहेब

कुणाच्या तोंडावर वाईट बोलू नये आणि माघारी तर मुळीच बोलू नये, असं आमची आई सांगत आली. मी दोन्ही करते. साहेब होते तेव्हा मी त्यांच्या तोंडावर बोलत होते, आता ते नाहीत तर माघारी बोलते. त्यांच्याइतका हेवा मी दुसऱ्या कुणाचा केलेला नाही. जावेचासुद्धा नाही, आणि माझ्या जावेचा स्वभाव असा आहे की तिचा हेवा न करणं कठीण.

साहेब म्हणजे कुणी मोठे साहेब नव्हेत. बांद्याला पूर्वी विक्रीकराचा नाका होता. तिथल्या खिडकीत बसून गाड्यांच्या कागदांवर शिक्के मारण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. जीएसटी आला, नाका उठला, शिक्का हातातून गेला. पण ड्रायव्हर लोक त्यांना सायब म्हणत होते ते म्हणतच राहिले. घर वालावलला. नोकरी संपल्यावर इतर माणसं देवळाच्या पायरीवर जाऊन बसतात. हे बसले छोट्या गाडीवाल्यांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न करायला. एक गाडी, दोन गाड्या असलेले मालक. कुणी जांभ्याचे चिरे वाहणारा, कुणी मासळी नेणारा, कुणी आंब्याच्या पेट्या पोचवणारा. स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर, आणि वेळ पडली तर ताडपत्री बांधायलाही स्वतःच.

माझं ऑफिस कसालला, हायवेला लागून. मी बी.कॉम., वर जीएसटीची परीक्षा दिलेली. काचेचं दार, एसी, समोर दोन गुबगुबीत खुर्च्या, बाहेर पाटी. मालवणहून येणारा रस्ता कसालला हायवेला मिळतो, म्हणजे मालवणची मासळीची गाडी माझ्या दारावरून जाणारच. जागा घेताना मी म्हटलं होतं, एवढे गाडीवाले जातात, अर्धे थांबले तरी पुरे. ते जात. हॉर्न देऊन जात. आणि पुढे वडाच्या बसथांब्यावर साहेब उभे असत, तिथे थांबत.

त्यात माझा सख्खा दादाही होता. हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचा हेवा मी हसण्यावारी नेला असता. हा नाही नेता आला. दादाची चिऱ्यांची गाडी. वडील गेल्यावर त्याने शिक्षण सोडलं, स्टिअरिंग धरलं आणि मला कॉलेजात घातलं. येईल त्याला मी सांगायची, माझा दादा गाडीचा मालक आहे, कुणाच्या हाताखाली नाही. आणि हा माझा दादा, बहीण करसल्लागार असताना, दरवर्षी साहेबांना गाडीत घालून बांद्यापर्यंत जायचा. माझ्या काचेच्या दारासमोरून. हॉर्न देऊन.

साहेबांची पद्धतच तशी होती. ज्याचा रिटर्न भरायचा त्याच्या गाडीत वर्षातून एकदा बसायचं. बसल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही. त्यांना ऑफिस नव्हतं, टेबल नव्हतं. सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि कमरेला लावायला घरची उशी घेऊन हायवेला उभे. ज्याची गाडी येईल त्याच्यात चढायचे, काम झालं की मध्येच उतरायचे आणि उलट जाणाऱ्या दुसऱ्या गाडीतून परत. केबिनीत चढताना चपला काढून पिशवीत घालत, कारण समोर देवाचे फोटो. एकदा पिशवी गाडीतच राहिली आणि साहेब अनवाणी एका कचेरीत हजर झाले. तिथल्या अधिकाऱ्याला वाटलं गृहस्थांचा काही नवस आहे. त्याने उठून खुर्ची दिली आणि काम पहिलं केलं. त्यानंतर दोनदा साहेब त्या कचेरीत मुद्दाम अनवाणी गेले, असं ते स्वतःच सांगत.

केबिनीत ते एकदम मुद्द्यावर येत नसत. आधी टायरांची चौकशी, मग पोरांच्या शाळेची, मग कुणाच्या गुरांनी कुणाचं शेत खाल्लं त्याची. मग कुठेतरी झाराप गेल्यावर हळूच विचारत, गाडी कितव्या महिन्यात घेतली, कागद कुणाच्या नावावर, दुसरी गाडी भावाची म्हणतोस ती भावाचीच ना. ड्रायव्हरचे डोळे रस्त्यावर. त्याला कुणाच्या तोंडाकडे बघायला लागत नाही, त्यामुळे तो बोलत जातो. साहेबांचं म्हणणं असं होतं, "गाडी चलता तवसर माणूस खरा बोलता. गाडी थांबली काय मगे हिशोब सांगता."

मला हे सगळं गावंढळ वाटायचं. छोट्या गाडीवाल्यांचा कायदा मुळात इतका सोपा आहे की त्यासाठी बांद्यापर्यंत जायची गरज नाही. दहापर्यंत मालवाहू गाड्या असतील तर वह्या ठेवू नका, बिलं जपू नका. दर गाडीमागे दर महिन्याला सरकारने ठरवलेलं उत्पन्न धरा, जड गाडी असेल तर तिच्या वजनावर धरा, आणि मोकळे व्हा. आता नवीन कायदा आलाय, कलमाचा नंबर बदललाय, पण मूळ गोष्ट तीच. हे मी माझ्या खुर्चीत बसून चहा निवायच्या आत समजावून सांगू शकते. ऐकायला माणूस मात्र हवा.

टाळेबंदी उठल्यावर साहेब माझ्याकडे आले ते कॉम्प्युटरमुळे. सरकारचं नवीन पोर्टल त्यांना उघडत नव्हतं. पहिल्या दिवशी आत आले, एसीकडे बघितलं, मग माझ्या गुबगुबीत खुर्चीवर हात फिरवून म्हणाले, "गो बाय, ह्या खुर्चेर बसान कोण खरा बोलतलो?" मी त्याच क्षणी त्यांना दार दाखवायला हवं होतं. पण ऑफिसचं भाडं चालू होतं आणि त्यांच्या पिशवीत गाडीवाल्यांच्या कागदांचा गठ्ठा होता. ठरलं असं, की माहिती साहेब आणणार, रिटर्न मी भरणार. म्हणजे अर्ध्या तालुक्यातल्या गाड्यांचे रिटर्न माझ्या लॅपटॉपवरून जायचे आणि दसऱ्याला शेवंतीच्या माळा जायच्या वालावलला.

आणि चुका काय कमी करत होते? भरलेल्या गाडीचं वजन लिहायचं तिथे रिकाम्या गाडीचं लिहून आणत. गाडी महिन्याच्या शेवटी घेतली तर तो महिना सोडून देत. नियमाप्रमाणे महिन्यातला एखादा दिवस जरी गाडी तुमची असली तरी अख्खा महिना धरावा लागतो. हे सगळं मी दुरुस्त करायची. ते नाकावरचा चष्मा कपाळावर चढवून बघत आणि म्हणत, "बरा झाला गो, माझ्या लक्षात नाय इला." एवढंच. कुठल्या ड्रायव्हरला कधी म्हणाले नाहीत की ही चूक त्या कसालच्या चेडवाने, त्या पोरीने काढली. मी वाट बघायची, आज तरी म्हणतील.

ओटीपीची तर वेगळीच कथा. ओटीपी जायचा मालकाच्या फोनवर, मालक गाडीवर, गाडी घाटात. मग मी साहेबांना फोन करायची, ते नेमके त्याच केबिनीत असायचे आणि आकडे भजनाच्या चालीत म्हणून दाखवायचे. शेवटचा आकडा हमखास चुकायचा. मागे ड्रायव्हरच्या हसण्याचा आवाज. मला वाटायचं, माझ्याशी बोलताना हा माणूस असा कधी हसेल का.

मासळीवाल्याची गोष्ट सांगते, म्हणजे मी काय सोसलं ते कळेल. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, बंदर सुनं, गाड्या ताडपत्रीखाली उभ्या. मालवणचा एक गाडीवाला, ज्याचं काम साहेबांनी घेतलं होतं, सहीसाठी माझ्याकडे आला आणि त्याने बघितलं की बंदीच्या महिन्यांचंही उत्पन्न धरलंय. तो चिडला. म्हणाला, गाडी हलली नाही, एक मासा वाहिला नाही, मग कमाई कसली. मी त्याला नीट सांगितलं की कायदा गाडी चालली का ते बघत नाही, गाडी तुमच्या नावावर आहे का तेवढंच बघतो. वाचूनही दाखवलं. तो उठून निघाला. दारात साहेब भेटले. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बायल म्हायेराक गेली म्हणान लगीन मोडता काय रे? गाडी उभी आसली तरी तुझीच मां?" तो मासळीवाला पोट धरून हसला, परत आला आणि सही करून गेला. जाताना मला म्हणाला, मॅडम, असं सांगायचं असतं.

पुढच्या वर्षी मी असं सांगितलं. दुसरा गाडीवाला होता, तोही पावसाळ्याच्या महिन्यांवरून वाद घालत होता. मी हसून म्हटलं, बायको माहेरी गेली म्हणून काय लग्न मोडतं का. तो कागद उचलून निघून गेला. नंतर कळलं, त्याची बायको खरोखरच माहेरी गेलेली होती आणि परत यायला तयार नव्हती. साहेबांना हे ठाऊक होतं. त्यांना सगळ्यांच्या बायका कुठे आहेत ते ठाऊक असायचं.

आमच्याकडे आणखी एक खोड आहे. गाडी घ्यायची ठरली की कुणाच्या नावावर घ्यायची हे बँक नाही ठरवत, देव ठरवतो. ग्रामदेवतेला कौल लावायचा, घरातल्या कुणाचं नाव लाभतं ते विचारायचं. देव बहुतेक वेळा आईचं नाव सांगतो. मग गाडी आईच्या नावावर, चालवणार मुलगा, भाडं मुलाच्या खात्यात, आणि रिटर्नही मुलगा आपल्याच नावाने भरणार. हे चालत नाही. गाडी जिच्या नावावर, उत्पन्न तिचं. एका चिरेवाल्याला मी हे स्पष्ट सांगितलं, तर तो म्हणाला, माझ्या आवशीक कायदो लावतंस? आणि आठवडाभर गावात मी त्याच्या आईवर केस करणार आहे अशी बातमी.

साहेबांनी काय करावं? त्या म्हातारीला, तिने आयुष्यात जी गाडी फक्त पूजेच्या दिवशी बघितली होती तिच्यात, केबिनीत बसवलं. मधे म्हातारी, कडेला साहेब, मुलगा स्टिअरिंगवर. कसाल ते बांदा. वाटेत तिला हळूहळू सांगत गेले की ही गाडी तुझी, ही पुढची काच तुझी, हे चाक तुझं, तुझा मुलगा तुझ्या गाडीवर आहे. म्हातारीने बांद्याला भजी खाल्ली आणि परत येताना जाहीर केलं, गाडी माजी, सरकाराक जा काय द्यायचा ता मीच देतलंय. त्यानंतर ती दर शनिवारी मुलाला ओटीवर बसवून गाडी कुठे कुठे गेली ते विचारायला लागली. मुलाने साहेबांना शिव्या घातल्या. सोडलं मात्र नाही. नियम मी सांगितला होता, शब्द न् शब्द बरोबर सांगितला होता, आणि म्हातारी मला अजून हाक मारते ती "केस करणारी बाय" म्हणून.

मग मीही एकदा गाडीत बसले. हेव्याने माणूस काय काय करतो. फोंड्याच्या एका गाडीवाल्याला म्हटलं, मीही येते, वाटेत तुमचं काम करून टाकू. त्याने सीट पुसली, गाणी बंद केली आणि फोंडा येईपर्यंत आपणहून एका शब्दाने बोलला नाही. मी टायरांचं विचारलं, त्याने "बरे आसत" म्हटलं. मुलांच्या शाळेचं विचारलं, "जातत" म्हटलं. खड्डा आला की माझी क्षमा मागायचा. उतरताना एवढंच म्हणाला, "मॅडम, माझा काय चुकला काय?" त्याला वाटलं मी तपासणीला आलेय. तो पुढल्या वर्षी साहेबांकडे गेला.

फी ते घेत, नाही असं नाही. पण चिरेवाल्यांकडून वर एक चिरा घेत. एकच, निवडून. वालावलला घराभोवतीचा गडगा त्यांनी असल्या चिऱ्यांनी बांधला होता. प्रत्येक खाणीचा रंग निराळा, कुठला लालभडक, कुठला पिवळसर, त्यामुळे गडगा गोधडीसारखा दिसायचा. मी एकदा कागद द्यायला गेले तेव्हा त्यांनी मला हात धरून त्याच्या कडेने फिरवलं आणि हा अमक्याचा, हा तमक्याचा असं दाखवत गेले. एका चिऱ्याजवळ थांबून म्हणाले, हो तुझ्या भावाचो. वर आणखी म्हणाले, तुझो भाव म्हणजे सोना हां गो बाय. माझ्या भावाबद्दल मला सांगत होते. मी घरी येऊन जेवले नाही.

कारण दादाचा रिटर्न साहेब माझ्याकडे कधीच आणत नसत. सगळ्यांचे आणत, त्याचा नाही. पहिल्या वर्षी वाटलं विसरले. दुसऱ्या वर्षी विचारलं, तर म्हणाले, "ता माझा मी बघतंय." पोर्टल ज्यांना उघडत नाही ते कसं बघतात? म्हणजे कुडाळला दुसऱ्या कुणाकडे तरी नेत असणार. म्हणजे माझ्या भावाला आणि त्यांना, दोघांनाही, माझ्यावर भरवसा नाही. टाळेबंदीनंतरच्या त्या सगळ्या वर्षांत मी हे डोक्यात घेऊन हिंडले. दादाच्या गाडीत साहेब इतरांपेक्षा जास्त वेळ बसत. सकाळी माझ्या दारावरून जात आणि उन्हं कलल्यावर परत येत, तेव्हाही दोघांची तोंडं चालूच. घरी दादा कसा, तर हूं आणि नाही. भाऊबीजेला ओवाळताना मी एकदा विचारलं, रिटर्न भरला का. तो म्हणाला, सायब बघतत. मी म्हटलं, मी काय मेले होते? आई ओरडली, सणाच्या दिवशी असा बोलतत? दादा पाटावरून उठला आणि ओवाळणी ताटात ठेवून गाडी धुवायला गेला.

साहेब या पावसाळ्यात गेले. आजार असा नव्हता. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मी गेले. वालावलच्या अरुंद रस्त्याला गाड्या एकामागे एक लागलेल्या, शेवटच्या गाडीवाल्याला मैलभर चालत यावं लागलं. अंगणात चिखल, आणि त्या चिखलात बाप्यांची गर्दी. मला बघून एकाने वाट करून दिली आणि दुसऱ्याला म्हणाला, ही कॉम्प्युटरवाली, सायबांची कामा करी. सायबांची कामं करी! पलीकडे दादा खांबाला टेकून रडत होता. आमचे वडील गेले तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, लोकांनी नावं ठेवली होती. आणि इथे हुंदके देत होता. साहेबांच्या मयतात उभी राहून मी साहेबांवरच जळत होते, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मग गाडीवाले माझ्याकडे यायला लागले. जाणार कुठे? मासळीवाला आला, म्हातारीचा मुलगा आला, फोंडेवालाही दारात घुटमळून आत आला. माझ्या गुबगुबीत खुर्च्या भरल्या. मी एसी वाढवला. सगळ्यांना चहा. मनात एकच, दादा कधी येतो. रोज वाटायचं, आज येईल.

तो सगळ्यांच्या शेवटी आला, संध्याकाळी, ऑफिस रिकामं झाल्यावर. खुर्चीच्या काठावर बसला. मी कळ दाबून नवीन पान उघडलं, त्याचं नाव घातलं. म्हटलं, मागच्या वर्षीचा रिटर्न दे, नसेल तर कुडाळच्या त्या माणसाकडून मागव.

"कसलो कुडाळचो माणूस?"

"साहेब ज्याच्याकडून तुझा भरून घेत होते तो."

तो टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "रिटर्न नव्हताच बाय. गाडी माझी नाय. टाळेबंदीत उभी रवली, मगे इकलंय. खाणवाल्यान घेतल्यान. माका पगारार ठेवल्यान."

गाडी तीच. पुढच्या काचेवर वडिलांचं नाव तेच, कागदावरचा मालक मात्र दुसरा. फोनवर नंबर टाकला असता तर क्षणात कळलं असतं, मी रोज लोकांच्या गाड्यांचे नंबर टाकून बघते. सख्ख्या भावाच्या गाडीचा नंबर कोण टाकून बघतं? आणि पगारी ड्रायव्हरला त्या कलमाशी काही देणंघेणंच नाही. त्याच्याएवढ्या पगाराला रिटर्न भरायचीही गरज नाही. म्हणजे एवढी वर्षं भरायला काही नव्हतंच, आणि तरीही साहेब दरवर्षी उशी घेऊन त्याच्या गाडीत बसत होते.

"मग ते कशाला यायचे?"

"गावान बघूचा म्हणान. सगळे गाडयेवाले सायबांका घेवन जातत, मी नाय नेलंय तर इचारतले मां. पयल्या वर्षी झारापाक मी तेंका सांगून टाकलंय. तेंनी इतक्याच म्हटल्यानी, बांद्यापर्यंत चल. मगे दर वर्षी इले."

मी म्हटलं, "त्यांना सांगितलंस. मला का नाही?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलला. "तू सगळ्यांका सांगतंस, माझो दादा मालक आसा. तुका कसा सांगू?"

मी एसी बंद केला. त्याने खिशातून किल्ली काढली, परत ठेवली. मग म्हणाला की लोक विचारायला लागलेत, सायब गेले, तुझा रिटर्न आता कोण भरणार. खाणवाल्याने उद्या रिकामी गाडी बांद्याला पाठवायला सांगितलीय. तू येतलंस काय?

मी गेले. सकाळी हायवेच्या कडेला उभी राहिले, सगळ्यांना दिसेल अशी. चहाच्या टपरीवर दोघे गाडीवाले बसले होते, त्यांनी बघितलं. दादाने दार आतून ढकलून उघडलं. मी त्या सीटवर बसले. ओरोस गेलं, कुडाळ गेलं. मी टायरांचं विचारलं नाही, कशाचंच विचारलं नाही. म्हटलं, आता त्याची इच्छा. आता त्याच्या बाजूला मी आहे, दुसरं कुणी नाही.

झाराप मागे पडलं तसा तो बोलायला लागला. आधी हळू, मग थांबेना. इथे म्हणे सायब नेहमी काच खाली करायचे. ह्या वळणावर त्यांनी एकदा पोलिसाला अमुक उत्तर दिलं. गाडी विकल्याचं ऐकल्यावर त्यांनी डब्यातला आंबोळीचा अर्धा तुकडा मोडून त्याला भरवला, कारण त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळ्यांतल्या पाण्याने दिसत नव्हतं. वडीलही मला एवढे आठवत नाहीत, म्हणाला, जेवढे सायब आठवतात. इन्सुली आलं तरी तो त्यांचंच सांगत होता. मी कधी ऐकला नव्हता तेवढा माझा भाऊ बोलत होता, हसत होता, आणि त्यात माझं नाव एकदाही आलं नाही.

बांदा आल्यावर त्याने विचारलं, "परतूया?"

म्हटलं, नको, चहा घेऊया. तो बोलायचा थांबला असता म्हणून म्हटलं. टपरीवर बसून त्याने साहेबांचं पुढचं सांगायला सुरुवात केली आणि मी ऐकत राहिले. साहेब समोर असते तर त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडले असते.